पंख्याखालची खुर्ची

नाशिकची हवा थंड असते असं ज्यांना वाटतं त्यांनी ऑक्टोबरात दुपारी एक वाजता द्वारका सर्कलला सिग्नलवर उभं राहून दाखवावं. रिटायर झाल्यापासून माझा या उन्हावर एकच उपाय आहे, आमच्या कॉलनीजवळचं वाचनालय. वर्गणी महिन्याला एका मिसळीएवढी, एक्स्ट्रा पाव धरून. हॉलमध्ये चार पंखे आहेत, त्यातले तीन नुसता आवाज करतात आणि चौथा वारा देतो. त्या चौथ्याखाली एक खुर्ची आहे. ती माझी. तसं कुठं लिहिलेलं नाही, पण अकरा ते दीड मी तिथं असतो हे झाडूवाल्या मावशींपासून सगळ्यांना माहीत आहे.

आता नाशिककराला वाचनालयाचा थोडा माज असतोच, आणि का नसावा, गावात सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे, म्हणजे बोरीबंदर-ठाणे रेल्वे धावली त्याच्याही तेरा वर्षं आधी लोक इथं पुस्तक परत करायला उशीर करत होते. आमचं वाचनालय त्या मानाने कालचं पोर. पण उत्साह असा की विचारू नका.

तर २०२४ च्या सप्टेंबर अखेरीला नोटीस बोर्डावर कागद लागला, ‘शरद ऋतूतील विविध उपक्रम’. मी खाली वाचलंच नाही, ही माझी पहिली चूक. दुसरी चूक म्हणजे ग्रंथपाल ताईंना सहज विचारलं, एवढं सगळं कशाला हो? त्या म्हणाल्या, "काका, १९६७ च्या ग्रंथालय कायद्यापासून अनुदान आहे, अ ब क ड वर्ग आहेत, तपासणीला साहेब आले की उपक्रमांचे फोटो मागतात. नुसती माणसं वाचत बसलीत याचा फोटो काय काढणार?" मुद्दा बरोबर होता. मी मान डोलवली, आणि मान डोलवणाऱ्याला आपल्याकडे समितीत घेतात.

पहिला भोंडला. पाटावर हत्ती काढायचा, भोवती बायकांनी फेर धरायचा, आणि पाट ठेवायला मोकळी जागा कुठली तर पंख्याखालची. खुर्ची गेली. मी बालविभागात जाऊन बसलो, तिथं खुर्च्या एवढ्याशा की गुडघे कानाला लागतात. गाणी सुरू झाल्यावर अभ्यासिकेतली एमपीएससीची पोरं दारात येऊन, अहो आमची कम्बाईन परीक्षा आहे, कधी संपणार, असं रडवेल्या तोंडाने विचारून गेली. खिरापत ओळखायची वेळ आली तेव्हा तीच पोरं सगळ्यात पुढं. सातव्या प्रयत्नाला एकाने वाटली डाळ ओळखली. मला वाटतं यूपीएससीसुद्धा होईल त्याचं.

मग दसऱ्याला सरस्वती पूजन. पाटी ठेवायला टेबल, टेबलाला जागा पंख्याखाली. पुढचं सांगत नाही.

१५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, म्हणजे कलाम साहेबांचा वाढदिवस. मी म्हटलं चला, आज तरी आपलाच दिवस, वाचायचंच आहे. जवळच्या शाळेतली साठ पोरं आणली होती. एक तास सलग मूक वाचन. आता साठ पोरांचं मूक वाचन काय असतं ते ज्यांनी ऐकलंय त्यांनाच कळेल. शिवाय शांतता राखा हे सांगायला माईक! दर पाच मिनिटांनी माईकवरून "कुणीही बोलू नका" आणि प्रत्येक वेळी माईकची ती शिट्टी. मग फोटो. फोटोत वाचणारे ज्येष्ठ पण हवेत म्हणून मला माझ्याच खुर्चीत बसवलं, हातात एक जाडजूड ग्रंथ दिला, "काका, वाचतोय असं करा". बारा वर्षांपासून मी तिथं खरोखर वाचतोय, फोटो त्या दिवशीचा निघाला, आणि ग्रंथ उलटा होता. तो फोटो आता अहवालात आहे.

दुसऱ्याच दिवशी कोजागरी. कविसंमेलन गच्चीवर आणि नंतर मसाला दूध. दुधाचं माझ्याकडे होतं. माझ्या हिशोबाने चाळीस माणसं येणार होती. आली पण चाळीसच, फक्त त्यातले एकोणचाळीस कवी होते. चाळिसावा मी. प्रत्येकाला दोन कविता, असं ठरलेलं, पण "जाता जाता एक छोटीशी" या प्रकाराला वेळेचं बंधन लागत नाही. परतीच्या पावसाचे ढग आलेले, चंद्र दिसेना, तरी प्रत्येकाच्या कवितेत मात्र तो लख्ख होता. साडेदहाला थेंब आले, सगळे कवी खाली हॉलमध्ये पळाले, आणि अंदाज करा, दुधाचं पातेलं कुठं ठेवलं. बरोबर. गरम दूध थंड व्हायला नको म्हणून त्यांनी पंखा पण बंद केला.

हे सगळं मी सोसलं ते फक्त दिवाळी अंकांसाठी. १९०९ साली ‘मनोरंजन’ने पहिला काढला तेव्हापासून मराठी माणूस फराळाबरोबर छापील पण खातो. वाचनालयाची योजना सोपी आहे, एकदा पैसे भरा, सगळे अंक वाचा, एका वेळी एक, दोन दिवसांत परत. या दोन दिवसांवर कॉलनीतले पंधरा पंधरा वर्षांचे संबंध तुटलेत. समिती सदस्य म्हणून मला आधी मिळेल असं वाटलेलं, कसलं काय. मला हवा असलेला अंक तीन आठवडे ‘बाहेर’ होता. दरम्यान जे मिळाले त्यातल्या एकात शब्दकोडं पेनाने सोडवलेलं, तेही चूक. दुसऱ्यात राशिभविष्यातली वृश्चिक कुणीतरी ब्लेडने कापून नेलेली. माझी रास वृश्चिक. म्हणजे मला वर्षच नाही!

शेवटी मीही माणूस आहे. एके दिवशी एक कथाविशेषांक अर्धा वाचून झाला होता, दीड वाजला, घरी जायचं होतं, आणि देवघेवच्या टेबलाशी दोन मावशी माझ्या हाताकडे बघत उभ्या. मी शांतपणे ३४० नंबरच्या कपाटाकडे गेलो. ३४० म्हणजे कायदा. तिथं कुणी जात नाही, खालच्या कप्प्यातल्या मुंबई कूळ कायद्याच्या मागे तर झुरळं पण नसतात. हात घातला तर आत आधीच काहीतरी होतं.

माझा तीन आठवडे ‘बाहेर’ असलेला अंक. पान १४६ वर सिटीलिंकच्या बसचं तिकीट खुणेला. इकडं तिकडं बघितलं, माझा अंक आत सरकवला, तो काढला आणि तिथंच जमिनीवर बसून वाचायला लागलो. पंखा नव्हता तिथं. जाताना तो परत जागेवर ठेवला, तिकीट मात्र पान १९० ला लावलं. बसू दे शोधत.