वाईट बातमी वरपर्यंत पोचते का?

सॉफ्टवेअर क्षेत्रात नेतृत्वाची चर्चा निघाली की ती बहुतेक वेळा स्वभावावर येऊन थांबते. कोणी कडक असतो, कोणी मवाळ. कोणी प्रत्येक ओळ स्वतः तपासतो, कोणी सगळे टीमवर सोपवून मोकळा होतो. या क्षेत्रात बरीच वर्षे काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की स्वभावाचा प्रश्न दुय्यम आहे. एखाद्या टीमचे नेतृत्व कसे आहे हे जोखताना मी सर्वांत आधी एक गोष्ट पाहते: काहीतरी बिघडले आहे हे ज्याला पहिल्यांदा कळते, त्याच्यापासून निर्णय घेणाऱ्यापर्यंत ती बातमी पोचायला किती वेळ लागतो आणि पोचेपर्यंत तिच्यातले किती शिल्लक राहते.

आमच्या कामात याला विशेष महत्त्व आहे, कारण सॉफ्टवेअर डोळ्यांना दिसत नाही. अर्धवट बांधलेला पूल अर्धवट आहे हे कोणालाही कळते. पण ‘ऐंशी टक्के काम झाले’ असे सांगितलेल्या मोड्यूलमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या एका भागात, उरलेल्या वीस टक्क्यांतच सगळा अवघड भाग दडलेला असू शकतो आणि ते फक्त तो कोड लिहिणाऱ्याला माहीत असते. नेत्याच्या हातात प्रत्यक्ष कामाची स्थिती क्वचितच असते. त्याच्याकडे असते ती लोकांनी सांगितलेली स्थिती, आणि लोक काय सांगतील हे मागच्या वेळी खरे सांगणाऱ्याचे काय झाले यावर ठरते.

ही बातमी वाटेत कशी बदलत जाते हे मी अनेक ठिकाणी जवळून पाहिले आहे. डेव्हलपर म्हणतो, ‘दोन सिस्टीम एकमेकांशी अजून बोलतच नाहीत, निदान सहा आठवडे लागतील.’ टीम लीड पुढे सांगतो, ‘इंटिग्रेशनमध्ये थोडी अडचण आहे, पण आम्ही मागे लागलो आहोत.’ मॅनेजरच्या साप्ताहिक अहवालात तीच गोष्ट पिवळ्या रंगाची ‘जोखीम’ होते आणि वरिष्ठांच्या बैठकीतील स्लाइडवर ती हिरवी झालेली असते. या साखळीत कोणी उघड खोटे बोललेले नसते. प्रत्येकाने आपल्या वरच्याला सहन होईल एवढेच सांगितलेले असते. मग डेडलाइनच्या आदल्या आठवड्यात एकाएकी सगळे लाल होते आणि ‘हे मला आधी का सांगितले नाही?’ असा प्रश्न मोठ्या आवाजात विचारला जातो. त्या आवाजामुळे पुढच्या वेळी ती बातमी आणखी उशिरा येते.

याचे सर्वांत मोठे उदाहरण मला नोकियाचे वाटते. एकेकाळी मोबाइल फोनच्या व्यवसायात जगात पहिली असलेली ही कंपनी २००७ मध्ये आयफोन आल्यानंतर काही वर्षांतच मागे पडली आणि सप्टेंबर २०१३ मध्ये तिने आपला फोनचा व्यवसाय मायक्रोसॉफ्टला विकत असल्याचे जाहीर केले. टिमो वुओरी आणि क्वी ह्यूई या संशोधकांनी नोकियाशी संबंधित ७६ जणांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातून पुढे आलेले चित्र विचार करायला लावणारे आहे. वरच्या लोकांना बाहेरच्या स्पर्धेची आणि भागधारकांची भीती होती, मधल्या फळीला वरिष्ठांची आणि एकमेकांची. सिम्बियन ही ऑपरेटिंग सिस्टीम नव्या स्पर्धेला पुरी पडणार नाही हे खाली जाणवत होते, पण ते स्पष्टपणे सांगितले तर ‘याच्यात जिद्द नाही’ असा शिक्का बसेल म्हणून आशादायक माहितीच वर जात राहिली, आणि तिच्या आधारावर वरून आणखी अवास्तव मुदती खाली येत राहिल्या. नोकियाकडे हुशार इंजिनिअरांची कमतरता नव्हती. त्यांना जे ठाऊक होते ते वेळेवर वर पोचले नाही.

यावरून कडकपणाच वाईट, असा निष्कर्ष मात्र मी काढणार नाही. संगणकाच्या चिप्स बनवणाऱ्या इंटेलचे एकेकाळचे प्रमुख अँडी ग्रोव्ह अत्यंत कठोर म्हणून ओळखले जात. पण त्यांच्या काळातल्या इंटेलमध्ये कोणत्याही पदावरच्या माणसाने वस्तुस्थितीच्या आधारावर वरिष्ठाशी थेट वाद घालावा, अशी अपेक्षा होती. १९८५ मध्ये इंटेलने मेमरी चिप्सच्या व्यवसायातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. ज्या उत्पादनावर कंपनी उभी राहिली होती तेच सोडायचे, म्हणून वरचे लोक बराच काळ अडखळत राहिले. पण नंतर ग्रोव्ह यांनीच सांगितले आहे की उत्पादनाचे नियोजन करणारी मधली फळी त्याआधीपासून कारखान्यांची क्षमता तोट्यातल्या मेमरीकडून नफ्यातल्या प्रोसेसरकडे वळवत आली होती. वरिष्ठांच्या भावना काहीही असोत, आकड्यांनुसार वागण्याची मुभा खालच्यांना होती. याच ग्रोव्ह यांच्या कारकिर्दीत १९९४ मध्ये पेंटियम प्रोसेसरच्या भागाकारातील दोष उघड झाला, तेव्हा ग्राहकांची तक्रार कंपनीने सुरुवातीला किरकोळ मानली. चिप बदलून हवी असेल तर आपल्याला तिची गरज आहे हे ग्राहकाने पटवून द्यावे, अशी तिची भूमिका होती. डिसेंबरमध्ये ती बदलावी लागली आणि ४७.५ कोटी डॉलरचा भार सोसावा लागला. आतल्या माणसांचे ऐकण्याची शिस्त बाहेरच्यांच्या बाबतीत तेवढी चालली नाही.

‘मी फटकळ आहे, पण खरे बोलतो’ असे अभिमानाने सांगणारे अनेक नेते आमच्या क्षेत्रात आहेत. त्यांच्या बोलण्यातला खरेपणा मी नाकारत नाही. मला एवढेच विचारायचे असते की हा फटकळपणा दोन्ही दिशांनी चालतो का? वरून खाली अपमान करण्याची मोकळीक आणि खालून वर ‘तुमचा अंदाज चुकला’ असे म्हणण्याची मोकळीक या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. लिनक्स कर्नलचे, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचे, जनक लिनस टॉरवाल्ड्स यांच्या जहाल ईमेलांचे वर्षानुवर्षे ‘गुणवत्तेचा आग्रह’ म्हणून समर्थन केले गेले. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी स्वतःच जाहीर दिलगिरी व्यक्त केली आणि काही काळ कामातून रजा घेतली. ऑक्टोबरमध्ये ते परतले, त्या सुमारास प्रकल्पाने नवी आचारसंहिता स्वीकारलेली होती, आणि कर्नलच्या आवृत्त्या त्यानंतरही नियमितपणे निघत राहिल्या. कोडवर टीका करताना माणसाला तुच्छ लेखावेच लागते, हा समज मला कधीच पटला नव्हता.

मवाळ नेतृत्वाचा धोका मात्र कमी बोलला जातो. जो मॅनेजर अतिशय प्रेमळ आहे, सगळ्यांची विचारपूस करतो, पण वाईट बातमी ऐकताच खचतो किंवा दुखावतो, त्याच्यापासूनही लोक गोष्टी लपवतात. तिथे लपवण्यामागे भीतीऐवजी काळजी असते, एवढाच फरक. उशीर तितकाच होतो. शिवाय अशा टीममध्ये एकमेकांच्या कामातील उणिवा दाखवणे हे नात्यात कटुता आणणारे मानले जाते, आणि कोड रिव्ह्यू, म्हणजे सहकाऱ्याने कोड तपासणे, हा केवळ संमतीचा उपचार होऊन बसतो.

चूक झाल्यानंतरचे पहिले काही तास नेतृत्वाची खरी परीक्षा घेतात. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवण्याची ऑनलाइन सेवा देणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनिअरने दुरुस्ती करताना चुकून मुख्य डेटाबेसची फाइल डिरेक्टरीच पुसली, आणि बॅकअपच्या अनेक व्यवस्था प्रत्यक्षात चालत नव्हत्या हे तेव्हा कळले. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. कंपनीने दुरुस्तीचे काम यूट्यूबवर थेट दाखवले आणि नंतर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला, ज्याचा भर कोणाचा हात चुकला यापेक्षा बॅकअप निकामी झाल्याचे कोणाच्याच लक्षात का आले नाही यावर होता. पुढच्याच महिन्यात अॅमेझॉनच्या एस-थ्री या डेटा साठवण्याच्या सेवेत एका कमांडमधील चुकीच्या इनपुटमुळे ठरल्यापेक्षा जास्त सर्व्हर बंद झाले आणि असंख्य संकेतस्थळे काही तास ठप्प झाली. अॅमेझॉनने त्यानंतर ते साधनच बदलले, जेणेकरून सर्व्हर हळूहळूच काढले जातील आणि किमान मर्यादेच्या खाली जाताच येणार नाही. माणूस चुकणारच, हे गृहीत धरून केलेली ही दुरुस्ती आहे. दोषी शोधून त्याला सर्वांसमोर उभे करणाऱ्या टीममध्ये पुढची चूक होतेच. फक्त ती करणारा ती आधी स्वतःच गुपचूप निस्तरू पाहतो, आणि त्यात मोलाचा वेळ जातो.

संशोधक एमी एडमंडसन यांना रुग्णालयांतील टीमचा अभ्यास करताना दिसले होते की चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त होती, कारण तिथे लोक चुका बोलून दाखवत होते. नवा मॅनेजर आल्यावर नोंदवलेल्या बगची, म्हणजे सॉफ्टवेअरमधील दोषांची, संख्या वाढली म्हणून त्याला जाब विचारणाऱ्या वरिष्ठांनी हा निष्कर्ष जरूर लक्षात घ्यावा.

मूल्यमापनाची पद्धत हे सगळे बळकट करते किंवा मोडून काढते. मायक्रोसॉफ्टमध्ये अनेक वर्षे कर्मचाऱ्यांना सक्तीने क्रमवारीत बसवले जाई, म्हणजे टीम कितीही चांगली असली तरी कोणालातरी खालचे स्थान मिळणारच. ही पद्धत कंपनीने नोव्हेंबर २०१३ मध्ये बंद केली. ज्या सहकाऱ्याशी माझी तुलना होणार आहे, त्याच्यासमोर ‘मला हे जमत नाही’ असे मी कशी म्हणेन? २०२२ आणि २०२३ मधील मोठ्या कपातींनंतर हा प्रश्न अधिक टोकदार झाला आहे. मेटाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ११ हजारांहून अधिक, तर गूगलने जानेवारी २०२३ मध्ये सुमारे १२ हजार लोकांना कमी करण्याचे जाहीर केले. यादीत आपले नाव कशामुळे येते हे कळत नसेल, तर माणूस पहिल्यांदा अडचणीचे बोलणे बंद करतो. ज्या कंपन्यांनी खर्च वाचवण्यासाठी कपात केली, त्यांनी या गप्प बसण्याची किंमत हिशेबात धरली असेल असे मला वाटत नाही.

नोकरी बदलण्याचा विचार करणारे तरुण सहकारी मला विचारतात, मुलाखतीत भावी मॅनेजर कसा ओळखावा? मी त्यांना एक प्रश्न सुचवते: ‘तुमच्या टीममधील एखाद्याने अलीकडे तुम्हाला नकोशी बातमी दिली असेल, तर ती कोणती आणि त्यानंतर तुम्ही काय बदलले?’ ज्याच्याकडे असा प्रसंग असतो तो तपशिलासह सांगतो, मुदत कशी पुढे नेली, कोणते फीचर वगळले, वरिष्ठांना काय कळवले. ‘आमच्याकडे सगळे मोकळेपणाने बोलतात’ एवढ्यावरच जो थांबतो, त्याच्या टीममधील एखाद्या ज्युनिअरशी स्वतंत्रपणे बोलल्याशिवाय होकार कळवू नये, असे मी सांगते.