मेडिकलमधलं औषध अस्सल असतं, मापात घोळ होतो

डुप्लिकेट औषधांची चर्चा आपल्याकडे खूप होते, व्हायलाच हवी. पण खेड्यातल्या मेडिकलबद्दल मला जास्त धास्ती वाटते ती अस्सल औषधाची, किती घ्यायचं हे न सांगताच हातात दिलेल्या.

इन्सुलिन घ्या. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० चं, म्हणजे एका एमएलमध्ये ४० युनिट. त्याची सिरिंज लाल टोपणाची. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० साठी. लाल संपली म्हणून नारिंगी दिली आणि पेशंटने नेहमीसारखं २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात जातात फक्त ८ युनिट. साखर चढत जाते, घरचे म्हणतात इंजेक्शन लागू पडत नाही. उलट १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये भरलं, तर त्याच रेघेला ५० युनिट. मग घाम, थरथर, बेशुद्धी. लाल सिरिंज नसेल तर सरळ "नाही" म्हणावं.

आणि आपला उन्हाळा! मे महिन्यात चंद्रपूर, अकोल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. न फोडलेली बाटली २ ते ८ अंशात हवी: फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, आत थर्मामीटर ठेवून. बर्फाच्या खणाला टेकून गोठलेली बाटली वितळल्यावर चांगली दिसली तरी फेकायचीच. लाइन गेली की फ्रीजचं दार उघडायचं नाही. पेशंटच्या घरी फ्रीज नसेल तर मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, त्यात प्लास्टिकच्या पिशवीत बाटली. चालू बाटलीवर फोडल्याची तारीख लिहावी, साधारण ४ आठवड्यांनी ती टाकून द्यावी.

लेकरांच्या पॅरासिटामॉलचं तसंच. ड्रॉप्समध्ये एका एमएलला १०० मिलिग्रॅम. सिरप ५ एमएलला १२५ चं असतं, २५० चंही असतं. किलोमागे १५ मिलिग्रॅम धरलं तर १० किलोच्या लेकराला १५० लागतात: ड्रॉप्स दीड एमएल, १२५ चं सिरप ६ एमएल, २५० चं ३ एमएल. "एक चमचा पाजा" एवढंच सांगितलं आणि मायनं ड्रॉप्सच ५ एमएल पाजले, तर पोटात ५०० गेले, तिपटीहून जास्त. म्हणून आधी वजन विचारायचं, आणि बाटलीसोबतच्या मापावर मार्करने रेघ मारून द्यायची. घरातला चमचा नकोच.

संधिवाताची मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंड सोलतं, रक्तपेशी कमी होतात, जीवही जातो. पाकिटावर "फक्त सोमवारी" असं ठळक लिहावं.

गोळ्यांचा पत्ता कापून देताना एक्स्पायरी छापलेलं टोक दुकानातच राहतं. मग पाकिटावर नाव, बॅच, तारीख लिहायला काय जातं? पक्कं बिलही द्यावं. २०२५ मध्ये छिंदवाड्याची लेकरं खोकल्याच्या सिरपमधल्या डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी रसायनानं गेली, त्यातली कित्येक नागपूरच्या दवाखान्यांत. अशी बॅच परत मागवायची वेळ आली, तर बाटली कोणाच्या घरी गेली हे बिलाशिवाय कसं शोधणार?

हे सगळं करायला फार्मासिस्ट काउंटरवर लागतो. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध त्यानेच द्यायचं असतं. सर्टिफिकेट भिंतीवर आणि माणूस दुसऱ्याच गावात, हे मला अजिबात मान्य नाही. औषध दिल्यावर त्याने एवढंच विचारावं, "काकाजी, कसं घ्याल ते मला सांगा बरं." चूक तिथल्या तिथे सापडते.

आता फवारणीचे दिवस. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर गेले, ते आपण विसरलेलो नाही. कोणी "मळमळते, गरगरते, गोळी द्या" म्हणत आलं, तर पहिला प्रश्न: वावरात फवारा मारला का? हो म्हणाला आणि घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या दिसल्या, तर उलटीची गोळी देऊन घरी धाडू नये. १०८ ला फोन करावा, अंगावरचे कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुवावं, आणि फवारणीच्या औषधाचा डबा लेबलसकट दवाखान्यात सोबत द्यावा.