तो हसत नसतो, त्याचा जबडाच तसा असतो

कोंडलेल्या डॉल्फिनच्या सुटकेसाठी झटणाऱ्या रिक ओबॅरी यांच्यावर एक मजकूर सध्या भरपूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: 'फ्लिपर' या डॉल्फिनवरच्या अमेरिकन टीव्ही मालिकेच्या जिवावर कमावलेला हा माणूस आता डॉल्फिनचे खेळ बंद करायला निघालाय. खेळांतले डॉल्फिन मजेत आहेत, त्यांचे चेहरेच बघा. आणि समुद्रात सोडले तर ते मरतील.

आधी दांभिकपणाचा आरोप. 'फ्लिपर' मालिका १९६४ ते १९६७ चालली. तिच्यासाठी मायामीत डॉल्फिन पकडले आणि शिकवले ते ओबॅरींनीच. हे त्यांनी कधी लपवलेलं नाही. मालिका लागली की ते लांब वायर जोडून टीव्ही धक्क्यावर नेत. कॅथी नावाची डॉल्फिन पडद्यावर स्वतःला ओळखते, असं त्यांना तिथं जाणवलं. १९७० मध्ये ती त्यांच्या हातांतच गेली. आपला श्वास झोपेतही आपोआप चालतो, डॉल्फिनला मात्र प्रत्येक श्वास जाणूनबुजून घ्यावा लागतो. कॅथीने पुढचा श्वास घेतलाच नाही, असं ओबॅरी सांगतात आणि त्याला आत्महत्या म्हणतात. तिच्या मनात काय होतं हे सिद्ध करता येत नाही, म्हणून मी तो शब्द वापरणार नाही. पण त्यानंतर लगेच हा माणूस बहामातल्या बिमिनी बेटावरच्या प्रयोगशाळेतला एक डॉल्फिन सोडवायला गेला आणि त्यासाठी तुरुंगात गेला. त्याच वर्षी त्याने 'डॉल्फिन प्रोजेक्ट' सुरू केला आणि पुढचं अर्धं शतक त्यातच घातलं. ज्याने स्वतः कोंडलं, त्यानेच बोलायला हवं.

हसऱ्या चेहऱ्याबद्दल एवढंच, की ती जबड्याची ठेवण आहे. मेलेला डॉल्फिनही तसाच हसरा दिसतो.

हे डॉल्फिन येतात कुठून, यावर मजकुरात अक्षरही नाही. जपानच्या तैजी गावात होड्यांवरून लोखंडी नळ्या बडवून कळपाला खाडीत हाकलतात. खेळांसाठी हवे ते निवडून घेतात, बाकीच्यांतले कित्येक मारले जातात. प्राणिसंग्रहालयं-मत्स्यालयांच्या जागतिक संघटनेने निलंबित केल्यावर २०१५ मध्ये जपानी मत्स्यालयांच्या संघटनेला सदस्यांची तिथली खरेदी थांबवावी लागली. ओबॅरींना मात्र २०१६ मध्ये जपानने विमानतळावरूनच परत पाठवलं, तेही अनेक दिवस डांबून ठेवून.

सोडण्याच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. १९९६ मध्ये फ्लोरिडात ओबॅरींनी परवानगीविना दोन डॉल्फिन सोडले. ते जखमी सापडले, परत पकडावे लागले आणि ओबॅरींना दंड झाला. तो ठपका रास्त आहे. पण त्यावरून 'सोडताच येत नाही' असं ठरत नाही. बालीत जॉनी, रॉकी आणि रॅम्बो हे हॉटेलच्या तलावातून सोडवलेले तीन डॉल्फिन आधी समुद्रातल्याच जाळीबंद जागेत ठेवले. तिथं ते जिवंत मासे पकडायला पुन्हा शिकले. जॉनीचे दात झिजून गेले होते, त्यांवर कृत्रिम टोप्या (क्राउन) बसवल्या. तीन वर्षांनी, सप्टेंबर २०२२ मध्ये, फाटक उघडलं. तिघं तासभर तिथंच घुटमळले. मग बाहेर पडले.