चॅनल म्हणजे नुसता डबा नव्हे

"विनोद दमदार असला की कुठल्याही चॅनलवर चालतो. चॅनल म्हणजे नुसता डबा, आत माल काय आहे ते बघा." हा मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरून राहिला आहे. आमच्या नागपुरातल्या मानेवाड्याच्या ग्रुपवर तर दोनदा आला. सोबत दाखलेही आहेत. मला ते पटत नाहीत.

पहिला कपिल शर्माचा. २०१३ ला कलर्सवर, २०१६ ला सोनीवर, आणि लोक मागोमाग गेले. गेले, खरं आहे. पण कार्यक्रमाचं नाव मागेच राहिलं. अली असगरच्या दादीची नानी झाली, गुत्थी करणारा सुनील ग्रोव्हर डॉक्टर गुलाटी झाला. डब्यातला माल जसाच्या तसा उचलून नेता आला असता, तर ही नवी पात्रं कशाला उभी करावी लागली?

दुसरा दाखला मेसेजवाल्याला फार भारी वाटतो: शेजारणीवर भाळलेला नवरा सब टीव्हीवरही चालतो आणि अँड टीव्हीवरही, म्हणजे विनोद एकच. नाही, एकच नाही. 'तारक मेहता का उल्टा चश्मा' २००८ पासून सबवर आहे, आणि सगळं घर एकत्र बसून बघेल ही त्या चॅनलची ओळख आहे. म्हणून बबिताजी समोर आली की जेठालाल लाजतो, अडखळतो, आणि गोष्ट सोसायटीच्या भानगडीकडे वळते. 'भाभीजी घर पर हैं' २०१५ मध्ये अँड टीव्हीसोबतच सुरू झाली, रात्री साडेदहाला. तिथं दोन नवरे एकमेकांच्या बायकांमागे आहेत, हीच सगळी मालिका. धागा तोच, पण किती ताणायचा हे समोर कोण बसलंय त्यावर ठरतं. आमच्या घरी जेठालाल चालू असताना आबाजी आले तर आई त्यांच्यासाठी खुर्ची सरकवते. 'भाभीजी' चालू असेल तर रिमोट उचलते.

"बोलीत पाणी घालणं हा लेखकांचा आळस" असंही त्यात लिहिलंय. हे मात्र मला लागलं. कॉलेजच्या गॅदरिंगला आम्ही एक प्रहसन केलं होतं. "कुठं जाऊन राहिला बे?" या एका वाक्यावर हॉल डोक्यावर घेतला पोरांनी. तेच प्रहसन गणपतीत सोसायटीच्या मांडवात करायचं ठरलं. पुढच्या रांगेत काका-काकू, आजोबा. आमचा आम्हीच "बे" काढला, कुणी सांगितलं नव्हतं. 'चला हवा येऊ द्या'मध्ये भारत गणेशपुरेंची वऱ्हाडी घरोघर पोचली, ती रत्नागिरीतल्या घरालाही कळेल या बेतानं. झी मराठीला सगळा महाराष्ट्र हवा असतो. त्या मापात बोली बसवणं कष्टाचं काम आहे.

त्यातही मोजदाद कुणाची होते ते बघा. २०१५ मध्ये बार्क या प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेनं गावांतली घरं धरायला सुरुवात केली, त्याआधी टीआरपी शहरी घरांचाच होता. जे घर मोजलंच जात नाही, त्याच्यासाठी चॅनल विनोद का लिहून घेईल?

राहिला यूट्यूबचा मुद्दा, की तिथं क्लिपा चॅनलशिवायही चालतात. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'च्या क्लिपा मोबाइलवर बघता ना? समोर बसून हसणारे सई ताम्हणकर, प्रसाद ओक, मधे प्राजक्ता माळीचं सूत्रसंचालन, ही सगळी मांडणी सोनी मराठीच्या प्रेक्षकासाठी झालेली आहे. मोबाइलवर फक्त तुकडा येतो.