किल्ला करू दिला, त्या सगळ्यांचे आभार

लहानपणीचं सगळ्यात आवडतं काय असं कोणी विचारलं की मी दिवाळीचा किल्ला म्हणते. समोरचा म्हणतो हो हो आम्ही पण करायचो आणि विषय चकलीवर जातो. आज मात्र मला त्याबद्दल नीट बोलायचंय, कारण चाळिशी ओलांडल्यावर फार वाटतं की मला हाताने जे काही करता येतं, चार जणांत जमवून घेता येतं, गडांवर जायची ओढ आहे, ते बरंचसं त्या चिखलातून आलंय.

आम्ही पुण्यात वाड्यात राहायचो. सहामाहीचा शेवटचा पेपर झाला की दप्तर फेकायचं आणि घमेलं घेऊन सुटायचं. माती वाड्यामागच्या पडक्या भिंतीची, विटांचे तुकडे शेजारच्या बांधकामावरचे, तिथला वॉचमन ओरडायचा पण तुकडे नेऊ द्यायचा. दगड विटा रचून झाल्या की चिखलात बुडवलेलं गोणपाट वर टाकायचं, त्याला ज्या घड्या पडतात त्याच आपल्या सोंडा आणि दऱ्या, मग त्यावर चाळलेली माती थापायची आणि हळीव पेरायचे. मोहरी पण चालते पण हळीव कसे दाट येतात. आजी लाडवांसाठी ठेवलेल्या डब्यातून मूठभर काढून द्यायची आणि रोज सकाळी माझ्या आधी तीच जाऊन बघायची की मोड आले का!

आणि कारंजं. वाड्यात एक कंपाउंडर काका होते, ते सलाईनची नळी द्यायचे. पाण्याची बाटली जिन्याच्या कठड्याला बांधायची, नळी मातीखालून तळ्यात आणायची, टोकाला रिकामी रिफिल. बाटली वर सरकवली की कारंजं उंच जातं, खाली आणली की बसतं, आणि काही केलं तरी ते बाटलीतल्या पाण्यापेक्षा वर जात नाही, हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं, तासन्‌तास खेळून कळलं होतं. पुढे शास्त्राच्या तासाला पाण्याचा दाब आला तेव्हा आमच्या वाड्यातल्या पोरांना तो धडा आधीच येत होता.

माडीवर एक कॉलेजला जाणारा दादा राहायचा, गड हिंडणारा. एका वर्षी आम्ही मोठ्ठं दार अगदी समोर काढलं होतं, तो उकिडवा बसला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "अगं, शत्रूला दार लांबून दिसता कामा नये." मग त्याने मातीतच रायगडचा महादरवाजा करून दाखवला, दोन बुरूज असे पुढे-मागे की त्यांच्या आडोशाला वळल्याशिवाय दार दिसतच नाही. पुढे कितीतरी वर्षांनी रायगड पायी चढून गेले, ते वळण आलं आणि दार अचानक समोर, तेव्हा माझे हात आपोआप ती माती दाबल्यासारखे हलले. राजगडाच्या संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी बघताना पण तसंच झालं. पुस्तकातून हे असं अंगात शिरत नाही हो.

महाराज सिंहासनावर, सगळ्यात वर. मावळे कुंभारवाड्यातून आणलेले, काही तटबंदीपेक्षा उंच, कोणाला काही वाटायचं नाही. दिवाळी झाली की महाराज वर्तमानपत्रात गुंडाळून ट्रंकेत, पुढच्या वर्षीसाठी.

पण मी खरी ऋणी आहे ती मोठ्या माणसांची. घरमालक अप्पा रोज सकाळी अंगणातला चिखल ओलांडून देवळात जायचे, धोतर सावरून, एकदाही बोलले नाहीत. खालच्या मावशींच्या दारापर्यंत माती यायची, त्या फक्त म्हणायच्या, "शेवटी झाडून घ्या गं." आईने मातीसाठी पाटी दिली, आजीने हळीव दिले, आणि कोणीही "बाजूला हो, मी करून देतो" म्हणालं नाही. अख्खी दुपार आमची होती, भांडणं आमची, ठरवायचे आम्ही. एवढा विश्वास पोरांवर टाकायला मन मोठं लागतं हे आता स्वतःला मुलं झाल्यावर कळतंय.

म्हणून तयार प्लास्टरचा किल्ला विकत आणून गॅलरीत ठेवला की मला खरंच वाईट वाटतं. स्पर्धेसाठी बाबांनीच रात्री जागून केलेला किल्ला बघून पण. 2025 च्या जुलैमध्ये आपले 12 किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, 11 महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी, सगळ्यांनी अभिमानाने स्टेटस ठेवले, मी पण ठेवला. मग त्याच आपल्या सोसायट्यांमध्ये पार्किंग घाण होतं म्हणून मुलांना माती आणू देत नाहीत हे कसं चालतं? चार दिवसांची माती आहे, पाण्याने धुतली जाते.

तेव्हा या वर्षी पोरांना पार्किंगचा एक कोपरा मिळवून द्या, त्यासाठी मीटिंगमध्ये भांडावं लागलं तरी भांडा. माती नर्सरीत मिळते, गोणपाट कुठल्याही किराणा दुकानात मागा. हळीव वसुबारसेच्या दोन-तीन दिवस आधी पेरायला सांगा म्हणजे लक्ष्मीपूजनापर्यंत छान हिरवं होतं, पाणी मात्र हाताने शिंपडायचं, ओतलं की बी वाहून खाली जमा होतं. बाकीचं त्यांचं त्यांना करू द्या.