‘शिकत असेपर्यंत व्याज लागत नाही’ हे खरं नाही

इंदूरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या फिरतंय, की शैक्षणिक कर्जाला शिक्षण संपेपर्यंत व्याज लागत नाही. रामबागेतल्या, टिळकनगरातल्या पालकांनो, हे चूक आहे. थांबतो तो हप्ता, साधारण अभ्यासक्रम अधिक एक वर्ष. व्याज पैसे उचलल्या दिवसापासून चालू.

हिशेब बघा. दरवर्षी सुरुवातीला 1 लाख, अशी चार वर्षं फी गेली आणि दर 10 टक्के धरला, तर पाचव्या वर्षाअखेर सरळ व्याजच 1 लाख 40 हजार होतं. हप्ता बसतो 5 लाख 40 हजारांवर! म्हणून जमेल तसं व्याज दरमहा भरत जा. पहिल्या वर्षी ते महिन्याला जेमतेम 833 रुपये असतं, आणि पूर्ण व्याज नियमित भरणाऱ्याला काही बँका दरात 1 टक्का सूटही देतात.

अफवेचं मूळ बहुधा केंद्राच्या पूर्ण व्याज-अनुदानात असावं, म्हणजे हप्ता थांबलेल्या काळातलं व्याज सरकार भरतं त्या योजनेत. ते आहे, पण सरसकट नाही: कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला साडेचार लाखांपर्यंत हवं, कॉलेज आणि अभ्यासक्रमही योजनेत बसायला हवा. उत्पन्नाचा दाखला सक्षम अधिकाऱ्याचाच लागतो, नुसती पगाराची स्लिप चालत नाही. तेव्हा दाखल्याचं काम प्रवेशाआधीच उरका.