मीवात्नची संकष्टी

उपवासाच्या दिवशी चिलट गिळलं तर उपवास मोडतो का, हे विचारायला उत्तर आइसलँडमध्ये गुरुजी मिळत नाहीत.

लेकीने आम्हाला जूनमध्ये मीवात्न तळ्यावर नेलं आणि नेमकी संकष्टी आली. मीवात्न म्हणजे ‘चिलटांचं तळं’. हे तिने गाडीतून उतरल्यावर सांगितलं. तळं सुमारे 2300 वर्षांपूर्वीच्या लाव्हामुळे झालेलं, काठावर काळे खडक, पाण्यात बदकंच बदकं. हे सगळं मी फोटोत पाहिलं, कारण तिथे डोळे उघडायची सोय नव्हती. “आई, चावत नाहीत गं ही,” लेक म्हणाली, तेवढ्यात पहिलं माझ्या घशात गेलं. चावत नाहीत, मान्य. पण नाकात, कानात, चष्म्याच्या आत बिऱ्हाड करतात त्याचं काय? श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या मागावर येतात म्हणे. म्हणजे श्वास सोडणं थांबवलं की काही त्रास नाही.

दुकानात डोक्यावरून घालायच्या जाळ्या मिळतात. यांनी एक चढवली आणि लग्नात मुंडावळ्या बांधून बसले होते तसेच गप्प बसले. माझ्यासाठी आणलेला साबुदाण्याचा चिवडा मात्र जाळीखालून व्यवस्थित आत जात होता.

तसा दिवस सकाळपासूनच बिघडला होता. हॉटेलात नळाला गरम पाणी थेट जमिनीतलं, त्यात गंधक, त्यामुळे न्हाणीघरभर उकडलेल्या अंड्यांचा वास. ऐन संकष्टीला त्या वासात अंघोळ करून मी अथर्वशीर्ष म्हटलं. मग ह्वेरीरला गेलो. तिथे तो वास शंभरपट. जमिनीतून वाफा फुसफुसतात आणि खड्ड्यांत करडा चिखल रटरटतो, अगदी पिठल्यासारखा. झाकण ठेवायला माझे हात शिवशिवले. पायातली चांदीची जोडवी संध्याकाळपर्यंत काळवंडली. “आपला अजिंक्यताराही लाव्हाचाच की,” हे म्हणाले, “आणि तिथे पार्किंगला इतके पैसे पडत नाहीत.” साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा यांना जास्त भरवशाचा वाटतो.

मला आवडलं ते रेक्यालीदचं चर्च. 1729 मध्ये क्राफ्ला ज्वालामुखीकडून आलेला लाव्हा गावात घुसला, शेतंघरं गिळली आणि चर्चला दोन्ही अंगांनी वळसा घालून पुढे गेला. इमारत आता नवी आहे, जागा तीच. जागृत स्थान! मी चप्पल काढून बाहेरूनच हात जोडले. इतक्यात दुसरं चिलट.

खरा घोळ चंद्राचा. कॅलेंडरात चंद्रोदयाच्या वेळा मुंबई, पुणे, नागपूरच्या असतात. इथे रात्री बारालाही पेपर वाचता येईल असा उजेड. लेकीने फोनवर पाहिलं आणि जरा चाचरत म्हणाली, “आई, चंद्र मध्यरात्रीनंतर उगवेल. तोही क्षितिजाला चिकटून.” आणि क्षितिजावर ढग.

शेवटी साताऱ्याला जाऊबाईंना व्हिडिओ कॉल लावला. त्यांच्याकडे रात्रीचे साडेदहा वाजून गेलेले, आमच्याकडे संध्याकाळचे पाच. त्या छत्री घेऊन गच्चीवर उभ्या. पावसात चंद्र कुठला दिसायला! “अहो वहिनी, वेळ झाली ना, मग झालं,” त्या म्हणाल्या. “मीही आत्ताच सोडला.”

मी फोनमधल्या काळ्या ढगांना अक्षता वाहिल्या. लेकीने तिथला राय पाव पुढे केला. पिठाचा डबा गरम जमिनीत पुरून अख्खा दिवस ठेवतात, आपल्याकडे पोपटीचं मडकं लावतात त्याचाच हा संथ भाऊ. काळसर, गोडसर, वर लोण्याचा जाड थर. वरचा मासा मी यांच्या जाळीखाली सरकवला.

लोण्यात एक चिलट पाय वर करून पडलं होतं. सकाळपासून दोन उपवासात गेली होती. हे तिसरं तरी रीतसर सोडल्यावरचं. बोटाने बाजूला केलं आणि मोठा घास घेतला.